मेडिकेअर पार्ट बी: आईच्या दवाखान्याचा हिशेब कसा लावावा

अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांचं वय ६५ झालं, हातात ग्रीन कार्ड आहे आणि सलग ५ वर्षं तिथे राहणं झालंय, तर मेडिकेअरसाठी, म्हणजे तिथल्या वयस्करांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडे अर्ज करता येतो. डॉक्टरची फी, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे, ॲडमिट न होता केलेले उपचार हे सगळं 'पार्ट बी'त येतं.

आधी हातातला कागद कसला आहे ते बघा. मेडिकेअरच्या समरी नोटिशीवर (कोणत्या उपचाराचे किती मंजूर झाले, तुमच्या वाट्याला किती आले, याचा गोषवारा) 'हे बिल नाही' असं इंग्रजीत ठळक छापलेलं असतं. आमच्या आईने तीच नोटीस देवघरापाशी ठेवून चार दिवस झोप घालवली! दवाखान्याचं बिल आलं की दोन्ही कागद शेजारी ठेवा. नोटिशीत तुमच्या वाट्याचा जो आकडा आहे, त्यापेक्षा बिल जास्त असेल तर पैसे भरण्याआधी दवाखान्यात फोन करा.

आता आकडेमोड. २०२६ मध्ये महिन्याचा हप्ता २०२.९० डॉलर (उत्पन्न मोठं असेल तर जास्त) आणि वर्षातले पहिले २८३ डॉलर आपल्या खिशातले. त्यानंतर बहुतेक सेवांचे २० टक्के आपण द्यायचे, तेही मेडिकेअरने मंजूर केलेल्या रकमेवर. समजा, जानेवारीत ४०० डॉलर मंजूर झाले: २८३ आपले, उरलेल्या ११७ चे २० टक्के म्हणजे २३.४०. एकूण ३०६.४०. पुढच्या वेळी १५० मंजूर झाले तर फक्त ३०. मात्र या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही, म्हणून बरेच जण वर मेडिगॅप, म्हणजे आपल्या वाट्याचा खर्च उचलणारी खासगी जोड-पॉलिसी, घेतात. ॲडव्हान्टेज प्लॅन (मूळ सरकारी मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घेतलेला मेडिकेअर प्लॅन) असेल तर हा हिशेब विसरा, त्याचे नियम वेगळे.

अपॉइंटमेंट घेतानाच 'असाइनमेंट घेता का?', म्हणजे मेडिकेअरचा मंजूर दर हीच पूर्ण फी मानता का, असं विचारा. नाही म्हणाले, तर मंजूर दरावर १५ टक्क्यांपर्यंत जादा लागू शकतात.

सगळ्यात फसवी गोष्ट 'ऑब्झर्व्हेशन'. हॉस्पिटलचा गाऊन, हाताला सलाइन, दोन रात्री तिथेच मुक्काम, तरीही कागदोपत्री माणूस आउटपेशंट, म्हणजे ॲडमिट न झालेला! मग खर्च पार्ट बीच्या हिशेबाने लागतो, आणि घरून नेहमी घेतो ती बीपीची गोळी तिथे दिली तर तिचे पैसे वेगळे लागू शकतात. शिवाय मूळ मेडिकेअरमध्ये नंतर स्किल्ड नर्सिंग केंद्राचा (हॉस्पिटलनंतर काही काळ नर्सची देखभाल मिळते ती जागा) खर्च मिळायला आधी सलग ३ दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर ॲडमिट, असावं लागतं. ऑब्झर्व्हेशनच्या रात्री त्यात धरत नाहीत. म्हणून रोज सकाळी नर्सला विचारायचं, 'आज इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन?' भीड बाळगू नका, हा प्रश्न तिला नेहमीचाच असतो.

फ्लूची लस आणि वार्षिक वेलनेस भेट फुकट. कवळी, साधा चष्मा, कानाचं मशीन यांतलं मूळ मेडिकेअर सहसा काही देत नाही. आणि दिवाळीला पुण्यात आले असताना दवाखान्यात जावं लागलं, तर तिथलं बिलही नाही. तिकिटाबरोबरच प्रवास विमा काढा.