क्रांती-विषुवांश डोक्यात बसत नाहीत? गच्चीवर जा

विद्यापीठात खगोलशास्त्राचा पहिला पेपर घेतला की बहुतेकांची गाडी खगोलीय निर्देशांकांवर, म्हणजे ताऱ्याची आकाशातली जागा सांगणाऱ्या क्रांती आणि विषुवांश या आकड्यांवर अडते. वहीत गोल काढून काढून ते कळत नाहीत. पेन ठेवा आणि हात लांब करून मूठ वळा. ताठ हातावरची मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते.

समजा तुम्ही पुण्यात आहात. अक्षांश सुमारे १८.५. ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर सापडेल, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच तुमचा अक्षांश. (शहराच्या झगमगाटात तो फिकट दिसतो, हिरमुसू नका.) आता दक्षिणेकडे वळा. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री सव्वानऊच्या सुमारास अगस्त्य हा तारा मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर; दक्षिणेला उणे) उणे ५२.७ अंश. ९० मधून १८.५ आणि ५२.७ वजा करा: १८.८. म्हणजे तोही जवळपास दोन मुठींवरच! हे गणित आधी कागदावर करून मग मुठीने ताडून पाहिलं, की सूत्र पाठ करावं लागत नाही.

मोजमापाची तारीख आणि वेळ मात्र लिहून ठेवा. महिन्याभराने तोच तारा त्याच जागी सुमारे दोन तास आधी येईल, रोज जवळपास चार मिनिटं या हिशेबाने. नाक्षत्र दिवस (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी) २४ तासांचा नसून २३ तास ५६ मिनिटांचा का, हा परीक्षेतला हमखास प्रश्न तिथेच सुटतो.

स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण उत्तर तपासायला. आधी मूठ.