या चुका टाळा: डॉक्टरांची तोंडी ऑर्डर घेताना

कपाशीवर फवारणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण वावरातून थेट येतात. ड्युटीवर सिस्टर एकटी, डॉक्टर फोनवर, आणि ऑर्डर येते, "तीन ॲट्रोपिन द्या." ॲट्रोपिन हे अशा विषबाधेवरचं इंजेक्शन. पण तीन काय? नेहमीच्या १ मिलीच्या अँपूलमध्ये ०.६ मिग्रॅ औषध असतं. तीन अँपूल म्हणजे १.८ मिग्रॅ; तीन मिलिग्रॅम हवे असतील तर पाच अँपूल फोडाव्या लागतात. या विषबाधेत दोन्ही डोस दिले जातात, म्हणून चूक झाली तरी कुणाला खटकत नाही. आकड्यासोबत एकक आलं नसेल तर ती ऑर्डर धरूच नका, लगेच विचारा. सिरिंज भरण्याआधी अँपूलवरची मात्राही वाचा. पुरवठा बदलला की तीही बदलू शकते.

मॅगसल्फचंही (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवणारं इंजेक्शन) तसंच. झटके आलेल्या गर्भवतीला रेफर करण्याआधी "दोन्ही बाजूंना पाच-पाच" म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी पाच ग्रॅम. ५० टक्क्यांच्या द्रावणाचे ते प्रत्येक बाजूला १० मिली होतात. पाच मिलीच भरलं तर निम्मा डोस गेला, आणि पुढे रुग्णवाहिकेचा लांबचा रस्ता आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे ऐकून "हो सर" म्हणणं. आठवणीतून परत बोललात तर चुकीचं ऐकलेलंच परत बोलाल. आधी केसपेपरवर लिहा, मग लिहिलेलं वाचा. रुग्णाचं पूर्ण नाव आणि केसपेपर नंबर सांगून: "सर, लिहिलंय ते वाचते. ॲट्रोपिन, एक पॉइंट आठ मिलिग्रॅम, ०.६ च्या तीन अँपूल, शिरेतून, आत्ता. बरोबर?" डॉक्टरांच्या तोंडून "बरोबर" ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. रेंज तुटत असेल तर आकडे सुटे करून सांगा. सात आणि साठ फोनवर सारखेच वाटतात. "सहा-शून्य" म्हटलं की घोळ होत नाही. डोपामिन-डोब्युटामिनसारखी मिळतीजुळती औषधांची नावं अक्षरागणिक वाचा.

लिहिताना ०.५ ऐवजी नुसतं .५ लिहू नका, आणि ५ ऐवजी ५.० नको, टिंब पुसट झालं की डोस दहापट होतो. लहान मुलाचं वजन आणि ॲलर्जी ऑर्डर घेण्याआधीच सांगा. नातेवाईक किंवा वॉर्डबॉयमार्फत आलेला निरोप ही ऑर्डर नव्हे. डॉक्टर वॉर्डातच असतील आणि हात मोकळे असतील तर त्यांनाच लिहायला सांगा.

सीपीआर चालू असताना लिहायला वेळ नसतो. तेव्हा औषध आणि डोस मोठ्याने परत म्हणा, होकार घ्या, मगच द्या. रिकाम्या अँपूल ट्रेमध्ये राहू द्या. नंतर नोंद करताना त्याच मोजता येतात.

डोस पटत नसेल तर देऊ नका. "मॅडम, हा डोस मला जास्त वाटतोय, पुन्हा बघता का?" एवढं स्पष्ट विचारा, तरी शंका राहिली तर इन्चार्ज सिस्टरना कळवा. नोंदीत तारीख, वेळ, "फोनवरून ऑर्डर, वाचून दाखवली", डॉक्टरांचं नाव आणि तुमची सही हवी. डॉक्टरांची सही रुग्णालयाच्या नियमात ठरलेल्या मुदतीत, शक्यतो २४ तासांच्या आत घ्या.