अमेरिकन कथांचे विश्लेषण करताना या चुका टाळा

अभिजात अमेरिकन कथांवर लिहिलेले विद्यार्थ्यांचे निबंध वाचताना असे जाणवते की आशयसूत्र, पात्रचित्रण आणि तंत्र या तीन मथळ्यांखाली होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. कथा कोण सांगत आहे, केव्हा सांगत आहे आणि त्याला किती ठाऊक आहे, हे न तपासताच लेखन सुरू झालेले असते. इंग्रजी साहित्य घेऊन पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेला बसणाऱ्यांनी म्हणूनच कथानकाचा सारांश लिहिण्याआधी निवेदकाविषयी चार ओळी लिहून काढाव्यात.

पहिली चूक म्हणजे निवेदकाच्या शब्दावर विसंबणे. एडगर ॲलन पो यांच्या १८४६ सालच्या ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ या कथेत मॉन्ट्रेसर हा फॉर्च्युनाटोला तळघरात जिवंत चिणून टाकतो. ‘अपमानाचा सूड हे या कथेचे आशयसूत्र आहे’ असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. परंतु तो अपमान नेमका कोणता होता, हे मॉन्ट्रेसर अखेरपर्यंत सांगत नाही. शिवाय ही हकीकत तो पन्नास वर्षांनंतर, आपला स्वभाव चांगला ओळखणाऱ्या कोणाला तरी सांगत आहे. भिंत पूर्ण होत आली असता आपल्या काळजात कालवाकालव झाली, असे तो कबूल करतो आणि लगेच त्याचे खापर तळघरातल्या दमट हवेवर फोडतो. त्यामुळे हा कबुलीजबाब आहे की पन्नास वर्षे जपलेला अभिमान, हा प्रश्न उभा राहतो आणि विश्लेषणाला खरी सुरुवात तिथेच होते.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच प्रचलित आहे. ‘अविश्वसनीय निवेदक’, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही असा निवेदक, ही संज्ञा एकदा शिकली की प्रत्येक निवेदक खोटारडा वाटू लागतो. हर्मन मेल्व्हिल यांच्या ‘बार्टलबी, द स्क्रिव्हनर’ (१८५३) या कथेतला वॉल स्ट्रीटवरचा वकील खोटे बोलत नाही. तो जोखीम टाळणारा आणि स्वतःच्या भलेपणावर खूश असलेला गृहस्थ आहे, आणि काम करण्यास शांतपणे नकार देणाऱ्या बार्टलबी या कारकुनापुढे त्याचा तो भलेपणा अपुरा पडतो. केवळ बार्टलबीचे स्वभावचित्र रेखाटणारे उत्तर त्यामुळे अर्धेच राहते. बार्टलबी पूर्वी बेवारस पत्रांच्या कार्यालयात नोकरीला होता, ही शेवटी येणारी माहिती तर अनेक जण त्याच्या वागण्याचे निश्चित कारण म्हणून देतात. ती ऐकीव बातमी असून तिच्या खरेपणाची खात्री देता येत नाही, असे वकिलाने स्पष्ट म्हटलेले असते. कारणाची गरज बार्टलबीला नसून वकिलाला आहे, हे लक्षात आले की शेवटचा परिच्छेद वेगळाच दिसू लागतो.

विल्यम फॉकनर यांच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) या कथेबाबत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. पाच भागांत विखुरलेल्या घटना विद्यार्थी कालक्रमाने लावतात, आणि समजून घेण्यासाठी ते करायलाही हवे. मात्र सरळ केलेली हकीकत हाती आल्यावर लेखकाने ती मोडून का सांगितली, हे विचारायचे राहून जाते. घरातून येणारी दुर्गंधी आणि रात्री चोरून टाकलेला चुना दुसऱ्या भागात येतो, तर एमिली विष विकत घेते तो प्रसंग तिसऱ्या भागात येतो. घटना क्रमाने आल्या असत्या तर एमिलीने प्रियकराला विष देऊन मारून त्याचे प्रेत घरातच ठेवल्याचा गुन्हा वाचकाने तेव्हाच ओळखला असता. येथे निवेदक कोणी एक व्यक्ती नसून ‘आम्ही’ म्हणून बोलणारे जेफरसन गाव आहे. या गावाने सगळे तुकडे पाहिले होते. परंतु एका खानदानी स्त्रीच्या तोंडावर तिच्या घरातील दुर्गंधीविषयी बोलायचे कसे, या संकोचापायी ते जोडले नाहीत. तंत्र आणि आशय येथे वेगळे काढताच येत नाहीत, आणि ‘फ्लॅशबॅकचा प्रभावी वापर’ अशी ओळ लिहून हे काम भागत नाही. याच कथेत टोब नावाचा कृष्णवर्णीय नोकर वर्षानुवर्षे त्या घरात वावरतो, शेवटी एमिली वारल्यावर गावातल्या बायकांना दार उघडून देतो आणि मागच्या दाराने कायमचा निघून जातो. त्याला काय ठाऊक होते, हा विचार गावाच्या मनाला फारसा शिवत नाही. पात्रांच्या यादीत त्याला ‘गौण पात्र’ ठरवणारा अभ्यासक नकळत गावाचीच नजर उसनी घेतो.

आशयसूत्र एका शब्दात सांगणे ही आणखी एक सवय सोडली पाहिजे. केट शोपिन यांच्या १८९४ मधील ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या कथेत नवरा अपघातात गेल्याचे कळल्यावर लुईझ खोलीत एकटी बसून मोकळेपणाचा आनंद अनुभवते आणि नवरा जिवंत परतताच मरण पावते. या कथेचा विषय ‘स्वातंत्र्य’ आहे, हे खरे. पण विषय म्हणजे आशयसूत्र नव्हे. त्या विषयाबद्दल कथा काय म्हणते, हे पूर्ण वाक्यात मांडून पाहावे. तसे करू लागताच नवरा दुष्ट होता हे सोपे उत्तर गळून पडते, कारण त्याने आपल्याकडे प्रेमानेच पाहिले होते, हे लुईझ स्वतः आठवते. प्रेमापोटी का होईना, एका माणसाने दुसऱ्यावर आपली इच्छा लादणे तिला गुन्ह्यासारखे वाटते. कथेची धार येथे आहे. शेवटी आनंदाच्या धक्क्याने मृत्यू झाल्याचे डॉक्टर सांगतात. त्यातला उपरोध आपल्याला कळतो, कारण त्या बंद खोलीत तिच्याबरोबर आपण होतो आणि डॉक्टर नव्हते.

तंत्राच्या बाबतीत एक साधी चाचणी उपयोगी पडते: ते तंत्र काढून टाकले तर कथेचे काय बिघडेल, हे विचारावे. अँब्रोझ बिअर्स यांच्या ‘ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ (१८९०) या कथेत फाशी दिला जाणारा पेटन फारकर दोर तुटून निसटला असे वाटते, पण ती सुटका त्याने मरणाच्या क्षणी कल्पिलेली असते. कथेच्या पहिल्याच भागात फाशीच्या क्षणी घड्याळाची टिकटिक पेटन फारकरला हातोड्याच्या घावांसारखी ऐकू येते, आणि पुढे नदीतून डोके वर काढताच त्याला काठावरच्या झाडांच्या पानांच्या शिरा दिसतात. हे तपशील वगळले तर शेवट ही निव्वळ फसवणूक ठरेल. ते आहेत म्हणून काळ ताणला जात असल्याची पूर्वसूचना आधीच मिळालेली असते.

चरित्राचा आधार मर्यादेत घ्यावा, एवढे सांगून पुढे जाता येईल. शार्लट पर्किन्स गिलमन यांनी सक्तीच्या विश्रांतीचा उपचार स्वतः भोगला होता. त्यावरून ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) मधील आजारी बायकोवर तोच उपचार लादणाऱ्या डॉक्टर नवऱ्याचा अधिकार समजतो, मात्र तिच्या मनाचा तोल सुटतो तो कथेचा शेवट मुक्तीचा की विनाशाचा, हे त्यातून ठरत नाही.

मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ (१९४८) या कथेचा वेगळा उल्लेख करावा लागतो. या कथेत एक गाव दरवर्षी चिठ्ठी काढून आपल्यातल्याच एकाला दगडांनी ठेचून मारते. आपल्याकडे अंधश्रद्धेवरील निबंध शाळेपासून लिहिलेले असल्यामुळे ते तयार वाक्य या कथेला चटकन चिकटवले जाते. परंतु टेसी हचिन्सन उशिरा येते तेव्हा ती हसत-थट्टा करत असते. चिठ्ठी तिच्या घराण्याकडे वळल्यावर तिला अन्याय दिसतो, आणि तेव्हाही लग्न झालेल्या मुलीलाही चिठ्ठी काढायला लावा, अशी मागणी ती करते. प्रथा चुकीची आहे, असे ती एकदाही म्हणत नाही. टेसीला निष्पाप बळी ठरवण्यापूर्वी तिच्या तोंडची सगळी वाक्ये क्रमाने वेगळी लिहून काढावीत आणि प्रत्येक वेळी ती कोणाच्या वतीने बोलते, याची नोंद समासात करावी.