ड्राफ्टसाठी कॉलेजच्या खेळाडूंची तुलना कशी करावी

जून आला, एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, तोंडावर आला, की एकच सल्ला सगळीकडे ऐकू येतो: कॉलेजमध्ये सामन्याला सर्वांत जास्त गुण कोण करतो ते बघा आणि त्याला घ्या. हा सल्ला पहिल्यांदा बाजूला ठेवा. सामन्यामागचे गुण खेळाडूबद्दल जेवढे सांगतात, तेवढेच त्याच्या संघाबद्दलही सांगतात. कमकुवत संघात चेंडू एकाच्याच हातात राहतो आणि त्याची बेरीज फुगते.

आकडे एका मापावर आणा. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा असतो, एनबीएचा ४८ मिनिटांचा. कुणी संथ संघात खेळतो, कुणी धावणाऱ्या. म्हणून दर १०० पझेशनमागचे (पझेशन म्हणजे चेंडू संघाच्या ताब्यात असण्याची एक खेप) आकडे घ्या, ते जालावर सहज मिळतात.

मग जन्मतारीख बघा. इयत्ता नव्हे, जन्मतारीख. एकोणीस वर्षांचा आणि बावीस वर्षांचा खेळाडू सारखेच आकडे देत असतील, तर धाकट्याला वर ठेवा. बावीस वर्षांचा मुलगा आपल्यापेक्षा लहान पोरांविरुद्ध खेळत असतो, हे विसरू नका.

आता नेमबाजी. खरी कसोटी इथे लागते, आणि मी स्वतः सर्वांत जास्त काळ इथेच अडलो होतो. बहुतेक जण थ्री-पॉइंटरची (ठरावीक रेषेबाहेरून मारलेल्या, तीन गुणांच्या शॉटची) टक्केवारी बघतात आणि पुढे जातात. एका हंगामात कॉलेजचा खेळाडू साधारण शंभर-सव्वाशे थ्री-पॉइंटर मारतो. एवढ्या प्रयत्नांत खरोखर ३७ टक्क्यांचा नेमबाज केवळ योगायोगाने ३३ दाखवू शकतो किंवा ४१ही. म्हणजे ज्या फरकावर लोक रात्रभर वाद घालतात, तो फरक कदाचित अस्तित्वातच नसतो. त्यात कॉलेजची रेषाही जवळची. आज ती ६.७५ मीटरवर आहे, एनबीएत कोपरे सोडले तर ७.२४ मीटरवर.

म्हणून माझा आग्रह आहे की फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) आधी बघा. अंतर तेच, अंगावर कुणी धावून येत नाही, उरतो तो फक्त हात. २०१७ चा ड्राफ्ट समोर ठेवा. पहिल्या क्रमांकावर गेलेला मार्केल फुल्ट्झ वॉशिंग्टन विद्यापीठात सामन्याला २३.२ गुण करत होता, थ्री-पॉइंटर ४१.३ टक्के, पण फ्री थ्रो ६४.९. दुसऱ्या क्रमांकाचा लॉन्झो बॉल यूसीएलए विद्यापीठात थ्री-पॉइंटरला ४१.२ आणि फ्री थ्रोला ६७.३. तिसऱ्या क्रमांकाचा जेसन टेटम ड्यूकमध्ये थ्री-पॉइंटरला जेमतेम ३४.२, आणि फ्री थ्रोला ८४.९. नुसता थ्री-पॉइंटरचा रकाना वाचणाऱ्याला टेटम तिघांत सर्वांत कच्चा नेमबाज वाटला असता. एनबीएतल्या पहिल्याच हंगामात त्याने ४३.४ टक्के थ्री-पॉइंटर मारले. लॉन्झो बॉल पहिल्या वर्षी ३०.५ वर आला. बॉस्टनकडे तेव्हा पहिला पिक (निवडीची पहिली पाळी) होता. तो त्यांनी फिलाडेल्फियाला दिला, तिसऱ्यावर सरकले आणि टेटमला घेतले.

पण हे सूत्र डोळे झाकून लावू नका. फुल्ट्झच्या खांद्याजवळच्या नसांना विकार असल्याचे पुढे निदान झाले. त्याच्या अपयशाचे सगळे माप फ्री थ्रोच्या पदरात घालणे अन्यायाचे आहे. लॉन्झो बॉलने तर फेकण्याची पद्धतच बदलली आणि २०२१–२२ मध्ये थ्री-पॉइंटरला ४२ टक्क्यांच्या वर गेला. फ्री थ्रो शक्यता सांगतो, निकाल देत नाही. म्हणून त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी तपासा. एक, खेळाडू थ्री-पॉइंटर मारायला कचरतो का? किती मारले हा आकडा किती पडले याइतकाच बोलका असतो. दोन, पास मिळाल्यावर उभ्या जागेवरून मारलेले आणि ड्रिबल करून स्वतः तयार केलेले शॉट वेगळे मोजा. दुसरा प्रकार कठीण आहे, त्याची टक्केवारी कमी असणारच. त्यासाठी त्या खेळाडूला शिक्षा देऊ नका.

प्रतिस्पर्धी तपासा: तगड्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढून तेच आकडे पुन्हा मांडा. लहान कॉलेज म्हणून कुणाला सरसकट खोडू मात्र नका. एनबीएत गाजलेला स्टीफन करी डेव्हिडसनचा, जा मोरँट मरे स्टेटचा, दोन्ही लहान कॉलेजे.

उंचीपेक्षा हातांचा पसारा बघा. शिकागोतल्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात) तो मोजतात.

व्हिडिओ पाहताना झलकांचे तुकडे नकोत. पूर्ण सामना घ्या, शक्यतो हरलेला, आणि चेंडू त्याच्याकडे नसताना फक्त त्याच्याकडेच बघा. बचावात मागे धावत येतो का, मदतीला वेळेवर सरकतो का, चूक झाल्यावर पुढच्या पझेशनमध्ये काय करतो, हे कुठल्याच तक्त्यात नसते.

शेवटी यादी करताना एक, दोन, तीन असे क्रमांक लावू नका, गट पाडा. एका गटातले खेळाडू जवळपास सारखे, मग त्यांच्यात संघाची गरज बघून निवडा. पण वरच्या गटातला खेळाडू शिल्लक असताना गरजेपोटी खालच्या गटात उतरू नका. १९८४ मध्ये पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, त्यांना सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) हवा होता, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी सॅम बॉवीला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने नॉर्थ कॅरोलायनाचा मायकेल जॉर्डन उचलला. गट ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यातच पक्के करा. त्यानंतर नवी दुखापत किंवा वैद्यकीय अहवाल आला, तरच यादीला हात लावा.