शाई पसरली, खिळे वाहून गेले

इलस्ट्रेशनच्या सरावासाठी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा फाउंटन पेननं काढला. त्यावरचे लोखंडी खिळे एकेक करत तासभर रेखाटले. वर जलरंगाचा पहिलाच हात फिरवला आणि खिळे निळसर ओघळ होऊन वाहून गेले! कागद वाईट असेल म्हणून 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणला; खिशाला चाट, परिणाम तोच. दोष शाईचा होता, पेनची साधी शाई पाण्यात विरघळते. मग इंडियन इंक घेतली, ही शाई वाळल्यावर पाण्यानं पसरत नाही. ती पेनात मात्र भरली नाही, कारण तिच्यातली लाख वाळली की पेन तुंबतं. टाक बुडवून बुडवून काढलं, पावसाळी हवेमुळे रात्रभर वाळू दिलं. सकाळी कोपऱ्यात ओलं बोट घासून पाहिलं, काही लागलं नाही. आता खिळे जागेवर आहेत. दरवाजा जरा तिरका झालाय, ते सोडा.