ध्रुवीय मोहिमेची रंगीत तालीम हातमोजे घालूनच करावी
ध्रुवीय प्रदेशात जाड हातमोज्यांमुळे जॅकेटची साधी चेनही ओढता येत नाही आणि ते काढले की थोड्याच वेळात बोटे बधिर होतात. म्हणून निघण्यापूर्वी आतले पातळ व बाहेरचे जाड असे दोन्ही मोजे चढवून तंबू उभारणे, नमुन्याच्या बाटलीचे झाकण फिरवणे, उपकरणाची बॅटरी बदलणे ही कामे मोकळ्या जागेत, आणि जमल्यास अंधारातही, करून पाहावीत. सुरुवातीला हा प्रकार हास्यास्पद वाटतो.

जिथे हात अडेल तिथेच उपाय करावा. चेनच्या टोकाला बोटभर लांबीचा दोरीचा फास बांधावा आणि थंडीत बॉलपेनची शाई गोठत असल्याने जाड पेन्सिल नोंदवहीलाच दोरीने अडकवावी.

आतले मोजे मात्र काढू नयेत, कारण उघडे, ओलसर बोट गोठलेल्या धातूला चिकटून कातडी सोलली जाते.