तळ्याला लागून खडीचा वाफा: पाणी नितळ ठेवण्याची आमची रीत

आमचं तळं पहिली दीड वर्षं हिरवंगार होतं. हिरवं म्हणजे काठची झाडं नव्हेत, पाणीच. खाणं टाकल्यावर तोंडं वर आली की मासे जिवंत आहेत हे कळायचं. पंपाला लावलेला स्पंज मी दर तीन दिवसांनी पिळून धुवायचे आणि आठवड्याभरात पुन्हा जैसे थे. मग बॉग फिल्टर केला, म्हणजे साध्या भाषेत खडीचा वाफा. तोही पहिल्या खेपेला फसला, सगळा उकरून पुन्हा भरावा लागला. आता त्याला सहावं वर्ष चालू आहे आणि तळाशी पडलेलं पान वरून स्पष्ट दिसतं.

आधी तो चालतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या चुका टळतील. पंप तळ्यातलं पाणी उचलून खडीच्या तळाशी पसरलेल्या, खाचा पाडलेल्या पाइपांत सोडतो. तिथून ते खडीच्या फटींतून सावकाश वर चढतं आणि एका सखल कडेवरून तळ्यात परत पडतं. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. खडीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट वरची झाडं शोषून घेतात. शेवाळाच्या तोंडचा घास झाडांनी पळवायचा, एवढंच. मी पहिल्यांदा याला चाळणी समजले, जितकी बारीक तितकी चांगली. म्हणून खडीवर कापड, कापडावर वाळू आणि झाडांना बरं म्हणून वर माती. आठ महिन्यांत सगळं दगडासारखं चोंदलं.

आकाराचा हिशोब असा. वाफ्याचं क्षेत्रफळ तळ्याच्या पृष्ठभागाच्या १० ते ३० टक्के धरतात. चार-दोन लहान मासे असतील तर कमी चालेल, कोय (मोठे वाढणारे रंगीत शोभेचे मासे) पाळणार असाल तर ३० च्या खाली जाऊ नका. आमचं तळं ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, सरासरी ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे अंदाजे ६,००० लिटर. वाफा २ मीटर बाय १ मीटर. खडीचा थर ३० सेंटिमीटर; त्याहून जाड नको. खाली मुळं पोचत नाहीत, प्राणवायू पोचत नाही आणि कुजका वास धरतो. एवढ्या मापाला ०.६ घनमीटर खडी लागते, वजन जवळजवळ एक टन. पाठीची काळजी घ्या.

वाफा आम्ही जमिनीवरच विटांच्या बुटक्या भिंतीत बांधला, त्यामुळे तो तळ्यापेक्षा पूर्ण उंच आहे. आत जाड कापडाचं अस्तर आणि त्यावर तळ्याला वापरतात तोच लाइनर, म्हणजे पाणी न झिरपणारी जाड शीट. यात विशेष काही नाही. फक्त लाइनरला भोक पाडू नका, पाइप कडेवरून आत घ्या. तीन बाजू चौथ्या बाजूपेक्षा ८-१० सेंटिमीटर उंच हव्यात. चौथी बाजू म्हणजे सांडवा. इथे गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हलची नळीच वापरा. ह्यांनी नजरेनं पाहून "बरोबर आहे" म्हटलं होतं आणि दोन दिवसांत तळं वीतभर खाली गेलं. पाणी मागच्या कोपऱ्यातून बाहेर चाललं होतं.

खडी ८ ते १२ मिलिमीटरची, गोलसर, शक्यतो एकाच मापाची घ्या. मिश्र मापाची घेतली की बारीक दाणे मोठ्यांच्या फटीत बसतात आणि वाट बंद. चुनखडीचे खडे नकोत, त्यानं पाण्याची क्षारता चढत राहते. दोन-चार खड्यांवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती खडी परत पाठवा. आणि धुवा. घमेल्यात थोडी थोडी घेऊन, हातानं ढवळून, वरचं गढूळ पाणी ओतून देऊन, पुन्हा. मला दोन पूर्ण दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी हात उचलेना. पण न धुतलेल्या खडीतली भुकटी नंतर तळ्यातच उतरते.

पाइप दीड इंची पीव्हीसी. वाफ्याच्या अरुंद बाजूला एक आडवा पाइप, त्याला टी लावून लांबीच्या दिशेनं तीन फांद्या, एकमेकींपासून ३० सेंटिमीटरवर. प्रत्येक फांदीला दर ५ सेंटिमीटरवर व्यासाच्या एक तृतीयांश खोल खाच. खाच ग्राइंडरनं पाडा, ३ मिलिमीटर रुंद. हॅकसॉच्या पात्याची फट फार बारीक होते आणि लवकर बुजते. खाचा खाली तोंड करून ठेवा, म्हणजे पंप बंद पडल्यावर वरचा गाळ आत घसरत नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक फांदीच्या टोकाला एल्बो लावून एक उभा तुकडा खडीच्या वर काढा आणि त्याला आट्यांचं टोपण लावा. ते सोल्युशननं चिकटवू नका. या तीन टोपणांवर पुढची सगळी देखभाल अवलंबून आहे.

पंप असा निवडा की तळ्याचं सगळं पाणी तास-दोन तासांत एकदा वाफ्यातून फिरेल. आमच्यासाठी ताशी ३,००० ते ६,००० लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, तुमच्या उंचीला किती पाणी मिळतं ते तक्त्यात बघा. पंप सांडव्यापासून लांबच्या टोकाला, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. तो चोवीस तास चालू हवा, कारण जिवाणूंना प्राणवायू वाहत्या पाण्यातूनच मिळतो. पाण्यात विजेची वस्तू आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय बटण दाबू नका.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. एका रात्री वीज गेली आणि सकाळी तळ्याभोवती चिखल. पाइप वाफ्याच्या तळापर्यंत गेलेला, त्यामुळे पंप थांबताच पाणी उलटं ओढलं जाऊन वाफा रिकामा झाला होता. खडीत साधारण ४० टक्के पोकळी धरली तर ते २४० लिटर होतं. काठोकाठ भरलेल्या तळ्यात ते मावलं नाही. उपाय फुकटचा आहे: पाइप कडेवरून आत वळतो तिथे, पाण्याच्या पातळीच्या वर, ४ मिलिमीटरचं एक भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी उडते, तिचं तोंड वाफ्याकडे ठेवा. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि उलटी ओढ तुटते.

खडी भरल्यावर पाणी तिच्या पृष्ठभागाच्या २-३ सेंटिमीटर खालीच राहील असा सांडवा ठेवा. वर डबकं साचलं की डास आलेच.

झाडं लावताना मुळांची माती पूर्ण धुवून काढा. माती नको, खत तर नकोच. मी कर्दळ, वेखंड, अंब्रेला पाम आणि कडेनं ब्राह्मी लावली. पाणकणीस दिसायला छान, पण त्याचे टोकदार कंद लाइनर फोडतात. सुरुवातीला पानं पिवळी पडतील, घाबरू नका. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात, थंडीत जास्त. तोवर मासे मोजके, खाणं निम्मं. तपासणीच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत नवे मासे आणायचे नाहीत. पाणी मधेच अजून हिरवं होईल. तेव्हा सगळं पाणी बदलायचा मोह आवरा.

नंतरचं काम थोडंच. आठवड्याला पंपाच्या पिंजऱ्यावरची पानं काढायची. पिवळी पानं कापून बाहेर टाकायची. खडीवर कुजली तर शोषलेलं सगळं पाण्यात परत. वर्षातून एकदा एक तृतीयांश झाडं मुळासकट उपटून विरळ करायची, सगळी एकदम नाही. पाणी कमी झालं तर क्लोरीन काढलेलं भरायचं, आणि नळाच्या पाण्यानं खडी कधीच धुवायची नाही; क्लोरीन जिवाणूंना मारतं. वीज दिवसभर गेली असेल तर वाफ्यात अडकलेलं पाणी नासतं, ते तळ्यात येऊ न देता आधी काढून टाकायचं.

आणि वर्षातून दोनदा टोपणं उघडायची. पंप बंद करून उभ्या तुकड्यातून एक बारीक नळी तळापर्यंत सोडायची आणि वाफ्याच्या उंचीचा फायदा घेऊन काळा गाळ ओढून काढायचा. तो मी गुलाबांना घालते. सांडव्याची धार बारीक झाली तर आधी पंपाचा पिंजरा बघा, तो स्वच्छ असेल तरच पाइपांकडे वळा. गेल्या खेपेला मधल्या फांदीतून कर्दळीच्या मुळांची हातभर वेणी निघाली. ती ओढून काढली, टोपण आवळलं, पंप लावला; पाचेक मिनिटांत धार पुन्हा पहिल्याइतकी जाड झाली.